डाव्या मडगार्डवरचा पोचा

माझ्या नवऱ्याने पाच वर्षं एका मोटारीवर जीव लावला आणि ती मोटार आमची नव्हती. आता हे मी हसत सांगते. तेव्हा हसत नव्हते, तेव्हा भांडी आपटत होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आणि आमच्या घरचे एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. फॅक्टरीमागच्या खोल्यांतली शेवटची खोली आमची. तिच्यापुढे पत्र्याची पडवी होती आणि त्या पडवीत यांचा सगळा रविवार जायचा. कापसाचा हंगाम लागला की रिसोडकडचे एक मोठे शेतमालक फॅक्टरीत येत. कापूस बैलगाड्यांतून यायचा आणि मालक स्वतः यायचे एका लाल, उघड्या, दोनच माणसांच्या विलायती मोटारीतून. लांबलचक बॉनेट, बुटकी काच, मागे बाहेरून लावलेलं जादा चाक. ती आली की हे हातातला पाना खाली ठेवून दारात जाऊन उभे राहायचे. लग्नात माझ्याकडेसुद्धा त्यांनी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. हे मी त्यांना पुष्कळदा ऐकवलं आहे आणि त्यांनी एकदाही नाकारलं नाही.

अशा जुन्या मोटारी हौसेनं सांभाळणारे सात-आठ जण आमच्या भागात होते. कुणी जमीनदार, कुणी वकील, एक डॉक्टर. दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत एका रविवारी ते वाशिमला मैदानावर जमायचे, मोटारी एका ओळीत लावायचे आणि त्याच ओळीनं मालकांच्या शेतावर हुरडा खायला जायचे. गाव रस्त्यावर उभं राहून पाहायचं. आम्हीही त्यातलेच. एका वर्षी ओळ निघून गेली, धुरळा खाली बसला, आणि हे म्हणाले, "मले त्या ओळीत जायचं हाय."

"कशात बसून?"

"गाडीत."

"कोणाच्या?"

"करीन एखादी," असं म्हणून ते घराकडे वळले. जणू धान्याची कोठीच करायची होती.

त्याच हंगामात मालकांच्या मोटारीचा मागचा एक्सल तुटला. मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत ती दीड महिना फॅक्टरीच्या शेडमध्ये उभी राहिली. मालकांनी यांना सांगितलं होतं, "मिस्त्री, लक्ष ठेवजो." यांनी असं लक्ष ठेवलं की शिंप्यानंही नवरदेवाचं इतकं माप घेतलं नसतं. सुतळी घ्यायची, मोटारीच्या अंगावरून फिरवायची, जिथे वळण बदलेल तिथे गाठ मारायची. गाठी मारलेल्या सुतळ्यांच्या गुंडाळ्या आमच्या खुंट्यांवर लटकू लागल्या. शाळेत फाटके नकाशे टाकून द्यायचे होते ते मी घरी आणले होते, कपाटात अंथरायला. यांनी ते जमिनीवर पसरून त्यावर कातरकाम सुरू केलं. पर्जन्यमानाच्या नकाशाचं बॉनेट झालं आणि खनिजांच्या नकाशाचं एक दार.

डाव्या मडगार्डचं काम सगळ्यात नाजूक होतं. दिव्याच्या थोडं वर त्याला एक उथळ खोलगा होता, ओंजळीएवढा. उजव्याला नव्हता. यांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि मग मला समजावून सांगितलं, "कंपनीनं एकाच बाजूले काहून ठेवला असन? सांग पाहू."

"मले काय माईत!"

"अवं, चालवणारा उजवीकडं बसते. त्याले डावा कोपरा दिसला पायजे. म्हणून तिथं पत्रा दाबला. पाह्य, कसं डोकं चालवलं त्यायनं!"

मला ते पटलं. शाळेत मुलांना सुद्धा मी ते उदाहरण म्हणून सांगितलं, हे कबूल करते.

मंगरूळपीरहून भंगारातली एक जीप आली. ती कापून आखूड केली. अकोल्याच्या भंगारबाजारातून एका छोट्या मोटारीचं इंजिन आलं. बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं बाभळीचा सांगाडा करून दिला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "मिस्त्री, हिले बैल कुठून जुपाचे?" पत्रा यांनी स्वतः ठोकला, वाळूच्या पिशवीवर ठेवून, लाकडी हातोडीनं. मी दुसरं टोक धरायची. पत्रा धरून धरून माझे तळवे असे झाले की फळ्यावर खडू धरताना दुखायचे. सीटांचं रेक्झिन मी शिवलं. त्या एका खोलग्याला मात्र आठ रविवार लागले. तीन मडगार्डं यांनी त्यासाठी वाया घालवली. चौथं जमलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून त्या खोलग्यात ठेवला आणि म्हणाले, "पाह्य, असाच हाय ना?" मी आयुष्यात त्या मोटारीला कधी हात लावला नव्हता, तरी म्हटलं, "अगदी तसाच."

मालकांचं फॅक्टरीत येणं मधल्या काळात कमी झालं होतं, कारभार मुलाकडे गेला होता. त्यामुळे त्यांची मोटार यांनी दोनेक वर्षं जवळून पाहिलीच नव्हती. पडवीतली मोटार तयार झाली, ट्रॅक्टरच्या लाल रंगानं रंगली, आणि हे धुतलेला सदरा घालून ती घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. मेळाव्याचं सगळं डॉक्टर पाहायचे. डॉक्टर बाहेर आले, मोटारीभोवती फिरले. "मिस्त्री, तुझा हात सोन्याचा आहे," ते म्हणाले. "पण ही नक्कल आहे. आमच्यात असली गाड्या येतात. कागदावर ही काय आहे?"

"जीप, जी."

"मग सांग, तुला कुठे उभं करू?"

यांनी घरी येऊन मला शब्दन्‌शब्द सांगितलं आणि ताट बाजूला सारलं. डॉक्टरांवर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "खरंच हाय त्यायचं. नक्कलच हाय." माझं मात्र डोकं फिरलं. आम्ही दीक्षा घेतलेल्या घरातली माणसं. तुम्हाला कुठे उभं करू, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी जन्मभर ऐकला होता. डॉक्टरांच्या मनात तसं काही नसेलही, पण माझ्या कानात तो त्याच आवाजात वाजला.

"रविवारी जायचं," मी म्हटलं. "रस्ता काय त्यायनं बांधला हाय? ओळीत नाई घेतलं तर ओळीच्या मांगं जाऊ."

"हसतील."

"हसू द्या. पाच वर्षं मी पत्रा काय घरात बसाले धरला का?"

रविवारी मी ठेवणीतलं लुगडं नेसले. सोबत आमचं पाणी घेतलं. त्याचं कारण सांगत बसत नाही. मैदानावर सात मोटारी लागल्या होत्या. यांनी आमची शेवटी, दहा हात अंतर सोडून उभी केली. पण लोकांना दूर कुठलं राहवतंय! एकेक जण पाहायला आला. आणि मग मालकांची लाल मोटार आली, मुलानं नागपूरहून नवीकोरी करून आणलेली, आणि जागा नव्हती म्हणून नेमकी आमच्या शेजारी लागली.

तिचं डावं मडगार्ड सपाट होतं. गुळगुळीत. खोलगा नव्हताच.

हे खाली उतरून तिच्याकडे पाहत राहिले. मला आधी काही कळलं नाही. मग वकिलांनी ते पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, मालकाच्या गाडीले पोचा पडला होता, यानं तो बी कंपनीचा समजून केला की!" हसण्याचा असा लोट उठला की पलीकडचे लोकही हसत धावत आले. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. यांचे कान लाल झाले. मोटार ओळीत घेतली नसती तर यांनी ते सोसलं असतं. पण इतक्या निगुतीनं केलेलं काम मुळात एक अपघात होता, हे त्यांना सोसत नव्हतं. "चाल, घरी जाऊ," ते मला हळूच म्हणाले.

तेवढ्यात त्या मोटारीतून, मालकांच्या शेजारून, मालकीणबाई खाली उतरल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळभर कुंकू. त्या सरळ आमच्या मोटारीकडे आल्या, त्या खोलग्यावर हात ठेवला आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "अवो, हा त माहा पोचा!"

त्याच सांगू लागल्या. लग्नानंतरच्या वर्षी मालकांनी त्यांना शेतात मोटार शिकवली आणि त्यांनी ती नेऊन दगडी गव्हाणीवर घातली. "यायनं मले एक शब्द नाई म्हटलं. अन पोचा बी काढू नाई देला. म्हणत, राहू दे, तुही सही हाय. तीस वर्षं राह्यला. परवा पोरानं काढून आणला. मले इचारलं बी नाई." गर्दीत उभा असलेला मुलगा खाली पाहू लागला. त्या बोटांनी खोलग्याची कड चाचपत होत्या. मग यांना विचारलं, "कोणं केला हा?"

"मी, बाई. चुकून झाला. मले वाटलं कंपनीचाच असन."

"चुकला नाई तुमी. जसाच्या तसा हाय." आणि दार उघडून त्या आत बसल्या. "मी हुरड्याले यातच येतो. कोणाले काई म्हणायचं हाय?"

हुरडा त्यांच्या शेतावर होता. कोण काय म्हणणार? मोटार दोन माणसांची, म्हणून मला मालकांनी आपल्या शेजारी बसवलं. अशा रीतीनं मी त्या असली विलायती मोटारीतून शिरपूरच्या रस्त्याला लागले, आणि इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही, आमची सीट जास्त बरी होती. मी मागे वळून पाहिलं. ओळीत सगळ्यात शेवटी, पण दहा हात अंतर न सोडता, हे येत होते. इतके ताठ बसले होते की मला हसूही आलं आणि रडूही.

शेतात आगट्या पेटल्या होत्या. कणसं भाजून गडी हातावर चोळून देत होते, सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. सतरंजी एकच होती आणि सगळे तिच्यावरच बसले. मी ते नीट पाहून घेतलं. पण मला खटकलं ते दुसरंच. हळूहळू एकेक जण यांच्याकडे सरकू लागला. "मिस्त्री, माझी चढावर दम टाकते." "मिस्त्री, माझा क्लच जरा पाहून दे ना." आणि हे मेले, हुरड्याचा हात पुसत उठायला तयार! मी दातओठ खात होते. ओळीत आला तो गाडीवाला, आणि सतरंजीवर बसेपर्यंत पुन्हा फिटर. यांना ते कळत नव्हतं, की कळूनही चालत होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

उन्हं कलल्यावर परतायची ओळ लागली. मालकीणबाई आपल्या मोटारीत बसल्या आणि मी आमच्या. सगळ्यात पुढे डॉक्टरांची मोटार होती. ती सुरूच होईना. हँडल मारलं, ढकलून पाहिली, नाही. सातही मोटारींतल्या माना आमच्याकडे वळल्या. यांनी बाह्या सरसावल्या होत्या, एक पाय खाली टाकलाच होता. डॉक्टरांनी बॉनेटमधून डोकं वर काढलं. पांढऱ्या सदऱ्यावर काळे हात पुसले आणि तिथूनच ओरडले, "मिस्त्री, तुम्ही उतरू नका! आपल्यात रीत आहे. ओळीतली गाडी बंद पडली तर ज्याची त्यानं सुरू करायची. दुसऱ्या गाडीवाल्यानं हात लावायचा नाही."

यांनी पाय आत घेतला.

डॉक्टरांनी काय काय उघडलं आणि काय काय चुकीचं लावलं, ते पाहवत नव्हतं. हे स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. "नळीत कचरा हाय वं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "नुसती फुंकली तरी चालू होते. सांगू का त्यायले?"

"बसा गुपचूप."

"सांगू दे ना."

मी त्यांच्याकडे पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलासुद्धा त्यांनी स्टेअरिंग सोडलं नव्हतं. डॉक्टरांना पाऊण तास लागला. बंद पडलेलं इंजिन समोर आहे आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय, असं त्यांच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. मी त्यांचा हात स्टेअरिंगवरून सोडवून माझ्या हातात घेतला, सगळ्यांच्या देखत, आणि ओळ हलेपर्यंत धरून ठेवला.