अक्कासाठी उंच केलेली गाडी

आज गुरुवार. पहाटे पिंपळनेरला माझा धाकटा भाऊ अशोक झोपेतच गेला.

दुपारी त्याला पोचवलं. संध्याकाळी मी अमळनेरला परत आले.

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. दर आखाजीला अशोक मला माहेरी न्यायला यायचा. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, जुन्या अँबेसिडरमधून.

गेल्या वर्षी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. जळगावचे डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, प्रवासात धक्का बसता कामा नये.

त्या वर्षी माझी आखाजी चुकली.

आणि अँबेसिडर तर मागून पार बसलेली. अशोकचं खताचं दुकान. वर्षानुवर्षं गोण्या वाहून तिचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, सपाट झाले होते. स्पीडब्रेकरवर खालून धाडकन आवाज यायचा आणि तो सरळ पाठीत जायचा.

मी म्हटलं, "अरे, भाड्याची चांगली गाडी करू."

"आखाजीले भाडानी गाडीमा येशी? आबासनी गाडी काय मरी गयी का?"

झालं. गाडी मागून उंच करायची, हे त्याने डोक्यात घेतलं.

एके दिवशी भर दुपारी फोन.

"अक्का, तुनं वजन कितलं शे?"

"बाईमाणसाला असं विचारतात का रे?"

"मी नई, युनूसभाई इचारस."

युनूसभाई म्हणजे त्याचा गॅरेजवाला आणि जिवाचा मित्र. मी वजन सांगितलं. अशोकने आपल्या मनाने त्यात थोडं वाढवलं आणि तेवढ्या वजनाची गोणी मागच्या सीटवर ठेवली. हे मला नंतर वहिनीने सांगितलं.

आधी त्यांनी एक पाटा वाढवला. गाडी उंच झाली, पण कडक झाली. चाचणीला अशोक स्वतः गोणीशेजारी बसला.

"मनं डोकं टपले लागनं, अक्का. हाई चालनार नई."

पाटा काढला. मग पाटे जिथे अडकवतात ते शॅकल लांब घातले. गाडी पुन्हा उंच. पण वळणावर मागून झुलायला लागली. त्या खेपेला वहिनीला बसवलं होतं. तिला ओकारी झाली. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

शेवटी सगळे पाटे सोडून धुळ्याला नेले. भट्टीत तापवून त्यांना पुन्हा कमान दिली. शॉक अब्झॉर्बर नवे घातले.

युनूसभाईला ते पटलं नव्हतं. जुनं लोखंड, वर्षभरात परत बसणार, म्हणाला.

अशोक म्हणाला, "आखाजीपर्यंत टिकनं तरी बस."

परवा त्याचा शेवटचा फोन. "गाडी तयार शे. आते फक्त तू बस, आन सांग."

आज सकाळी गाडी दारात आली. चालवायला युनूसभाई होता.

त्याने काही बोलायच्या आधीच मला कळलं. अशोकने दुसऱ्या कोणाला पाठवलं नसतं.

मागच्या सीटवर गादी घातलेली होती. बसायला वाकावं लागलं नाही.

धुळ्याच्या अलीकडे पहिला मोठा स्पीडब्रेकर आला. मी सवयीने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

गाडी वर गेली. खाली आली. बस.

युनूसभाईने आरशातून पाहिलं. "लागलं का, अक्का?"

"नाही."

"भाऊने बहुत डोकं खाल्लं माझं यासाठी," एवढंच तो म्हणाला.

घरी सगळे माझ्यासाठी थांबले होते. अशोकला अंगणात तिरडीवर ठेवलं होतं.

मला कोणीतरी खुर्ची दिली. पण तो जमिनीवर. मला वाकता येईना. हात त्याच्या तोंडापर्यंत पोचेना. लोक घाई करत होते, ऊन वाढत होतं. मी नुसतीच बसून राहिले.

युनूसभाईच्या लक्षात आलं.

"थांबा. भाऊला जरा वर उचला," तो म्हणाला. "अक्काच्या हाताला येऊ द्या."

चौघांनी तिरडी उचलली आणि माझ्या गुडघ्यांजवळ धरून ठेवली.

मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. गालावरून फिरवला. कोणी घाई केली नाही.

मी त्याला सांगितलं, "अशोक, धक्का बसला नाही रे. एकदासुद्धा नाही."

मग त्याला नेलं.

खाली बसता येत नाही, म्हणून वहिनीनेच मला परत पाठवलं.

माझ्या भावा, सुखाने जा.

घरी येऊन आंघोळ केली. ओली साडी एकटीनेच पिळली आणि मागच्या दोरीवर वाळत घातली.