अव्वाचा माळढोक

जैसलमेरच्या वाळवंटात जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात वाळवंटाचं कुणालाच कौतुक नव्हतं. अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, तिथं एक पक्षी बघायचा होता, आणि तो अप्पांना दाखवून त्यांचं तोंड कायमचं बंद करायचं होतं.

अव्वाचं माहेर औरादकडचं. लहानपणी वासरं घेऊन ती मुरमाड माळावर जायची. तिथं तिनं माळढोक बघितला होता. कोकराएवढा उंच, मान ताठ, आणि चाल नव्या जावयासारखी. लग्न होऊन आमच्या मन्नाएखेळ्ळीकडच्या गावात आल्यावर तिनं मोठ्या हौसेनं हे अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "लांडोर असंल." झालं! तेव्हापासून पाहुणे आले की अव्वा माळढोक काढायची आणि अप्पा लांडोर सोडायचे. कधी चवीत बदल म्हणून गिधाड म्हणायचे. एकदा तर व्याह्यांसमोर "कोंबडी असंल कुनाची तरी" म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या पुरणपोळीला तूप मिळालं नाही.

आमच्याकडच्या माळावर आता माळढोक कुठला दिसायला! पण जैसलमेरकडच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात अजून थोडे आहेत, हे माझ्या धाकट्या भावानं फोनवर शोधून काढलं. अव्वानं फोटो बघितला, फोन अप्पांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "चला. डोळ्यानं बघा एकदा."

भावानं आधी मे महिना धरला. शेत रिकामं, माझ्या शाळेला सुट्टी. तिथल्या वाटाड्याला त्यानं फोन लावला. तो बिचारा म्हणाला, मेमध्ये येऊ नका, भाजून निघाल. तर आमचा भाऊ त्याला दखनीत ऐकवतो, "हमे कलबुर्गी बाजू के है भाई, धूप का डर हमना नक्को बताओ." समोरचा माणूस खूप वेळ हसला. शेवटी थंडीतच यायचं ठरलं.

थंडीत आमच्याकडं सवड कुणाला असते? तरी भावानं हैदराबादहून जोधपूरची रेल्वेची तिकिटं काढली आणि मिरवत घरी आला. अव्वानं तारीख विचारली, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. पठ्ठ्यानं नेमका येळवशीचा दिवस धरला होता.

वेळा अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून शेतातल्या लक्ष्मीची पूजा करायची, मग भज्जी-आंबिलीवर ताव मारायचा, वर्षभर ज्याच्याशी भांडलो त्यालाही हात धरून जेवायला बसवायचं. फोनवरच्या कॅलेंडरात असल्या गोष्टी नसतात, आणि आमच्या बंधुराजांनी तेवढंच बघितलं होतं.

पण अव्वा हटली नाही. "आंबील गाडग्यात भरून घिऊन जाऊ. तिथं बी एकादं झाड असंल की. खाली पाच दगडं मांडू."

"अव्वा, दोन दिवसांत ती आंबील फसफसंल," भाऊ म्हणाला. "आख्ख्या डब्याला आंघोळ घालायलीस का?"

अप्पांना तर उकळ्याच फुटल्या. "आपलं शेत सोडून वाळूत येळवस! लक्षुमीला काय वाळू चारतीस?"

तिकिटं रद्द झाली. पुढची तारीख काढली तर अप्पा म्हणाले, तुरीची रास आहे. त्यानंतरची काढली तर ज्वारी. ज्वारीनंतर जत्रा. मी हुमनाबादच्या शाळेत शिकवते, खोटं कारण मला वासावरून कळतं. एका रविवारी विहिरीवरच्या मोटारीचा पार्ट आणायला म्हणून अप्पांना स्कूटरवर मागं बसवलं आणि येताना हायवेवरच्या ढाब्यावर चहाला थांबवलं.

"अप्पा, दर येळी मोडता कामून घालायलाव?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "थोडेच उरलेत म्हनं तिथं. जाऊन बी न्हाई दिसला तर? तुझी अव्वा परत माळढोकाचं नाव काढंल का?"

"न्हाई काढलं तर बरंच की तुमाला."

अप्पांनी बशीवर फुंकर घातली. "मी लांडोर म्हनलं की ती चिडती, मग समदं पयल्यापासून सांगती. वासरं, माळ, तिच्या बापाची हाळी. व्हय म्हनलं असतं तर कवाच संपलं असतं की."

"म्हंजे तुमचा इश्वास हाय?"

"पयल्या दिवसापासून. तिला सांगू नगस."

मी शब्द दिला, आणि घरी पोचल्या पोचल्या अव्वाला सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात साधं गुपित राहत नाही, हे तर फारच मोठं होतं. अव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला काय कळत न्हाई व्हय? लांडोर म्हनताना मिशीत हासतेत." मग कट्ट्यावर बसलेल्या अप्पांना ऐकू जाईल इतका आवाज चढवून म्हणाली, "पर चार मान्सांत मला खोटी पाडलं. एकदा तरी व्हय म्हनावं मान्सानं."

माझा चेहराच उतरला. इतकी वर्षं आम्ही सगळेच त्या लांडोरीला हसत होतो, मीसुद्धा.

अप्पा दारात आले. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की मी ताबडतोब कांदा चिरायला घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "माळढोकच व्हता. अवंदा येळवस झाली की जाऊ. तुरी ऱ्हाऊ देत उभ्या."

अव्वाचा थापता हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं उलटली नाही. अप्पा घाबरले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. ते तसेच खाली, चुलीजवळ बसले.

"मग?" ते म्हणाले. "तुला बघून उडाला का पळाला त्यो?"

अव्वानं भाकरी उलटली. "पयल्यापासून सांगू?"