सीटखालचे ठोकळे

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी तापमामांना गाठायचं, हे आसपासच्या गल्ल्यांत ठरूनच गेलं होतं. मामा म्हणजे हाडाचे मेकॅनिक. स्वतःचं गॅरेज बंद केलं तरी हात स्वस्थ बसत नव्हते. गाडीपाशी गेले की पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. बॉनेट कोमट लागलं की संपलं! "आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीस होय रे? थंड असताना खोकते वाटतं," असं म्हणून सरळ घराची वाट धरायचे. दुसरा नियम याहून कडक. तपासणी होईपर्यंत विकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. "माणूस गोड बोलतो, गाडीला ते जमत नाही," म्हणायचे. दलाल मंडळी त्यांना लांबून बघितलं तरी पुटपुटायची, "आला डोक्याला ताप!"

त्या दिवशी शेजारच्या नर्सबाईंना गाडी बघायची होती. दवाखान्याच्या पाळ्या कधी पहाटे, कधी दुपारी. बिचाऱ्या बसची वाट बघून बघून वैतागल्या होत्या. दलालाच्या आवारात नंबरपाटी अजून न बसवलेली एक छोटी पांढरी गाडी उभी होती. बाईंना बघताक्षणी आवडली. मामांनी डोळे वटारले. "आवडली हे चेहऱ्यावर दाखवू नका हो!"

बॉनेट गार होतं. मामा खूश झाले. इंजिनातल्या तेलाचं झाकण उघडून बघितलं. आत साईसारखा पांढरट थर नव्हता, म्हणजे पाणी तेलात मिसळत नव्हतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवलं. सगळीकडे घट्ट चिकटत होतं. पत्र्यातले खड्डे लांबीच्या लगद्यानं बुजवले असते तर ते घसरलं असतं. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघितला. गाडी पुरात बुडाली असेल तर चिखलाची रेघ तिथे सापडते. रेघबिघ काही नव्हती. मग दाराचं रबर नखानं उचकटलं, तर खाली जुना रंग निघाला. पिवळा.

मामांना हसू आलं. त्यांच्या टिल्लूची गाडीही अशीच होती. टिल्लू म्हणजे त्यांची एकुलती लेक. आईवर गेलेली, उंचीनं आखूड आणि जिभेनं लांब. लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, तेव्हा मामांनी स्वतः घडवलेली पिवळी गाडी तिला दिली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. गाडी झकास, घर झकास, जावईबापू झकास. मामा म्हणायचे, येऊन जातो गं एकदा. तर कधी तिच्याकडे पाहुणे असायचे, कधी रंगकाम निघायचं, कधी ती दोघं बाहेरगावी असायची. मामा म्हणायचे, पोर संसारात रमली, आणखी काय हवं?

आणि पिवळी गाडी काय जगात एकच असते? ते चालकाच्या बाजूला वाकले, सीट पुढेमागे सरकवून बघितली आणि सवयीनं खाली हात घातला.

हात तिथेच राहिला.

सीट ज्यांवर सरकते त्या लोखंडी पट्ट्यांखाली लाकडाचे ठोकळे होते. मामा गुडघ्यांवर बसले, बॅटरी लावली. सागवानी ठोकळे, आणि एकाच्या कडेला मापाच्या बारीक काळ्या रेघा. त्यांच्या बायकोच्या शिवणयंत्राची फळी! ती गेल्यावर यंत्र गंजून गेलं, फळी तेवढी मामांनी जपली होती. टिल्लूला काचेतून धड रस्ता दिसेना, तेव्हा तीच कापून त्यांनी सीट उंच केली होती. "आईच्या मांडीवर बसून चालवतेयस असं समज," म्हणाले होते. बाप-लेक दोघंही तेव्हा रडली होती.

आणि मामांनी स्वतःचाच नियम मोडला. विकणाऱ्याला बोलायला लावलं. "कुठून आणलीस ही गाडी?"

दलालानं शहराचं नाव सांगितलं. नाव ओळखीचंच होतं. "गेल्या हिवाळ्यात आणली मामा, मी स्वतः गेलो होतो. नवरा विकत होता. बाई दारात उभी होती, चेहरा पार उतरलेला. एवढंच म्हणाली, सीटखालचे ठोकळे तेवढे काढून घेऊ द्या. तर तो तिच्यावर असा खेकसला म्हणून सांगू, मलाच मान खाली घालावी लागली. ती आपली आत निघून गेली. हाताला पट्टी बांधलेली होती." दलालानं वाकून सीटखाली बघितलं. "का हो? काही गडबड आहे का गाडीत?"

गेल्या हिवाळ्यापासून! म्हणजे इतके रविवार पोर नसलेल्या गाडीचं कौतुक सांगत होती, आणि जगाला शहाणपण शिकवणारा हा बाप फोनवरच्या 'झकास'वर खुशाल विसंबून होता. एकदा तरी जाऊन हात लावून बघायचं होतं की नाही? मामांना श्वास घेववेना. नर्सबाईंनी त्यांना धरून पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि नाडी बघितली.

"मामा, घरी जाऊ या. गाडीचं राहू द्या."

"गाडी चांगली आहे. घ्या तुम्ही," मामा म्हणाले. "खोट नाही तिच्यात. फक्त ठोकळे मला द्या."

बाई उंच होत्या, त्यांना ठोकळ्यांचा उपयोगही नव्हता. दलालानं पाना आणून दिला. मामांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच नट सोडवले, ठोकळे सदऱ्याला पुसले आणि तिथेच पायरीवर बसून फोन लावला.

"अगंबाई, बाबा! आज रविवार कुठाय?"

"सहजच गं. गाडी कशी आहे?"

"मस्त! आत्ताच भाजी घेऊन आले."

"आणि ठोकळे? हलत नाहीत ना?"

"छे हो! घट्ट आहेत अगदी. आईच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं अजून."

मामांनी ठोकळे पोटाशी धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज त्यांनी सांभाळला.

"टिल्लू, मी उद्या येतोय."

"उद्या? अहो नको बाबा, उद्या आमच्याकडे..."

"काही सांगू नकोस. मी येऊन बघतो."

"पण मला स्टँडवर घ्यायला यायला जमणार नाही हो. गाडी जरा..."

"माहीत आहे मला, बाळा. ठोकळे माझ्या हातात आहेत."

पलीकडे एक दार हळूच लोटलं गेलं. मग टिल्लूचा आवाज आला, अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणीतरी असावं तसा.

"बाबा, उद्या नको. आजच निघा ना."