ट्यूबलाइटची रेघ

निफाड रोडवरच्या त्या पेंटरचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझी जुनी फियाट चार महिने त्याच्याकडे होती. रंग वाळला की तो बॉनेटवर ट्यूबलाइट धरायचा. रंगात तिची रेघ जराशी वाकडी दिसली, की सगळं घासून पुन्हा सुरू.

तिसऱ्यांदा मी चिडलो. "अहो, एवढं कोण बघतंय?"

"मी बघतो ना!" पॉलिशपेपर थांबला नाही.

गाडी न्यायच्या दिवशी तो चपला हातात घेऊन शेजारी बसला. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. त्याची नजर मात्र बॉनेटवर होती. तिथे वरच्या विजेच्या तारा सरळ रेषेत धावत होत्या.

"सरळ हाय," तो म्हणाला आणि माझ्या हातावरून वाकून त्यानेच लांबलचक हॉर्न वाजवला.