हनुवटीवरचे तीन ठिपके

"या लोकांची कातडी जाड असते. भुलीचं इंजेक्शन थोडं कमी दिलं तरी चालतं."

डॉक्टर हे मला म्हणाला नाही. माझ्या हनुवटीवर बोट टेकवून दोन शिकाऊ पोरांना म्हणाला. मी टेबलावर उताणी. जागी. सगळं ऐकू येत होतं.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. सीताबर्डीवरचा खाजगी दवाखाना. माझ्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. पाच वर्षांची असताना मायनं कुहीच्या बाजारात गोंदवले. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधी. पुढं मी शिकले, नागपुरात एका शाळेत मास्तरीण झाले. मुख्याध्यापिका बाई सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, "हे तोंड घेऊन वर्गात उभी राहू नकोस. पालक विचारतात, कुठल्या वस्तीतली बाई ठेवली?"

सुट्टीत काढून ये, म्हणाल्या. मी मान हलवली.

डॉक्टरनं आधीची तयारी सांगितली. पंधरा दिवस ऊन लागू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मलम. मे महिन्यातलं नागपूर, टिनाचं छप्पर, नळ चौकात. मी दार लावून बसले. माझ्या वाटचं पाणी माय उन्हात भरे. मलमानं हनुवटी सोलली. चुलीवर फोडणी पडली तरी झोंबायचं. माय समोर बसून रडे.

"माहीच चूक झाली वं. मले काय मालूम, तू शिकशीन म्हणून."

तिची चूक नाही, एवढं तरी मी म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं.

सोळाव्या दिवशी दोघी दवाखान्यात गेलो. कंपाउंडरनं मायला बाहेर पायरीवर बसवलं. माझ्या सोललेल्या कातडीवर स्पिरिट फिरवलं. फोटो काढला. विचारलं नाही. फिरत्या ब्रशाचं यंत्र होतं, त्यानं कातडी घासून काढायची. ते घरघरायला लागलं. तेव्हा डॉक्टर ते जाड कातडीचं बोलला.

मी म्हटलं, "इंजेक्शन पूर्ण द्या."

"तुला काय समजतं त्यातलं? पडून राहा."

एक पोरगा हसला.

मी उठून बसले. चपला सापडेनात. तशीच अनवाणी बाहेर आले.

माय घाबरली. "काहून उठली वं? झालं का?"

"नाही काढत मी."

"नवकरी जाईन ना वं!"

"जाऊ दे."

म्हटलं खरं. त्या दिवशी मला शूर-बीर काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात घरात काय शिजेल, हेच डोक्यात.

शाळा उघडली. बाईंनी हनुवटीकडे पाहिलं. "काढलं नाहीस?"

"नाही काढणार. मला नोकरीवरून काढायचं असेल तर काढा. पण का काढलं ते कागदावर लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. आठ दिवसांनी काढलं मात्र. तोंडीच. वर्षभर दुसरी नोकरी मिळाली नाही. माय लोकांच्या घरी भांडी घासायला गेली. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही.

पण एक शिकले. हे लोक वाट्टेल ते बोलतात, लिहायला घाबरतात. आता कोणी मला, माझ्या लोकांतल्या कुणाला असं बोललं, की मी कागद-पेन पुढं करते. म्हणते, लिहा. सही करा. लिहीपर्यंत मी इथून हलणार नाही.