कड्यावरचं घर आणि रुतलेला पाय

हेझल गार्टनचा जन्म मातीत गेला. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करताना जे अगडबंब पोलादी खांब तळात ठोकतात, त्यांना तिथली चिकणमाती कितपत धरून ठेवेल, लाटा-वाऱ्याचा रेटा आला की कितपत हटेल, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. जुनी गणितं सडपातळ खांबांची. खांब लठ्ठ झाले तशी ती चुकू लागली. नवी बसवण्यात हेझलची उमेदीची वर्षं गेली.

तिचे वडील विल्फ यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, मातीच्या कड्यावर एकटेच राहत. तो कडा समुद्र दर हिवाळ्यात कुरतडतो. शेजारची घरं एकेक करून गेली, पण विल्फ हलायचं नाव घेत नव्हते.

"पोरगी माझी मातीची डॉक्टर आहे," पबात बसून ते ऐटीत सांगत. "ती म्हणते अजून वेळ आहे, म्हणजे आहे!"

त्या फेब्रुवारीत हेझल खांब ठोकणाऱ्या जहाजावर होती. तळात लांबलचक पाय रोवून ते पाण्याच्या वर उभं राहतं. वादळाची सूचना आली, निघायचं ठरलं, जहाज पाण्यावर उतरवलं, आणि एक पाय काही केल्या मऊ मातीतून सुटेना.

"बाई, तुमच्या मातीनं पाय धरलाय आमचा," कप्तान वैतागून म्हणाला. "सोड म्हणावं तिला!"

"नुसतं ओढून नाही सोडायची ती. पायाखाली पाण्याचा मारा करत राहा. वेळ लागेल."

तेवढा वेळ वादळानं दिला नाही. जहाज पुन्हा वर उचलून तिथेच तग धरायचं ठरलं. सगळे अडकले.

दुपारी कड्यापासून आत, रस्त्यापलीकडे राहणाऱ्या डोरीनचा फोन आला. "हेझल, तुझ्या बाबांच्या मागच्या दाराबाहेर पायरी उरली नाही गं. मी बोलावते, तर मलाच हाकलतात!"

हेझलनं वडिलांना फोन लावला. "बाबा, डोरीनकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"तूच म्हणाली होतीस, अजून वेळ आहे."

"ते मी उन्हाळ्यात म्हणाले होते."

"मग आजचं सांग. तग धरेल का घर?"

खाली लाटा जहाजाच्या पायांवर आदळत होत्या. खांबाभोवतीच्या मातीचे आकडे तिला तोंडपाठ होते. पण कडा आपल्याच भेगांनी फुटतो, मन मानेल तेव्हा.

"मला नाही माहीत, बाबा."

मातीबद्दल असं ती त्यांच्यापाशी आजवर कधी बोलली नव्हती.

"तुला माहीत नाही?"

"नाही."

"मग कठीण आहे," विल्फ हळूच म्हणाले. "तुझ्या आईचा कोट तेवढा घेतो."

सकाळपर्यंत स्वयंपाकघर समुद्रात गेलं होतं. जहाजाचा पाय सुटून हेझल किनाऱ्याला लागली, तोवर उरलेलं घरही पाडायला काढलं होतं. तिनं वडिलांना हल शहरातल्या आपल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. ते दिवसभर खिडकीत बसून खालच्या गाड्या बघत.

"इथून काही पडायचं नाही, काय?" एकदा त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"तोच तर वैताग आहे." मग म्हणाले, "रविवारी तिकडे नेशील?"

"कुंपण घातलंय तिथं. कुणाला जाऊ देत नाहीत."

विल्फनी मान हलवली आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.