हरेशच्या तोंडावरची फुली

उलव्याच्या जागृतीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं एक बोट प्लास्टरमध्ये होतं. नवऱ्यानं, हरेशनं, दाराच्या फटीत दाबून मोडलेलं. उरणचं सासर सोडून ती माहेरी आई पुतळाकडे आली आणि गावातल्या गाळ्यात बॅनर डिझाइन करायला बसली. परत तिकडे जायचं नाही, एवढं एकच तिला हवं होतं. मी समोरच्या सोसायटीतली. झेरॉक्सचं निमित्त काढून जायची आणि गप्पा मारत बसायची.

तिचा जुना कॉम्प्युटर विंडोज चालवताना धापा टाकायचा. आमच्या सोसायटीतल्या शहाण्यांनी नवा घे म्हणून सांगितलं. सांगायला यांचं काय जातं! तिनं जुनं काही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच लिनक्सचे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टीमचे, दोन-तीन प्रकार चालवून पाहिले. एकात सगळी बटणं डाव्या कडेला उभी. तिला ते रुचलं नाही. मग मिंट नावाचा प्रकार सुरू केला आणि तिचा माउस विंडोजच्या सवयीनं आपोआप खालच्या कोपऱ्यातल्या मेनूवर गेला.

"काकू, ह्याला शिकायला लागत नाय. हेच टाकते."

मशीन खरंच पळायला लागलं. मराठी टायपिंग जमलं, प्रिंटरही मुकाट चालला. डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र नवं होतं आणि तिची सवय जुनी. आधीच्यात फोटो फाइलच्या पोटात जायचा. नव्यात तसं सांगावं लागतं, नाहीतर फाइल फोटोचा नुसता पत्ता लक्षात ठेवते आणि फोटो सापडला नाही की त्या जागी लाल फुली दाखवते. हे तिला ठाऊक नव्हतं.

हरेशच्या वाढदिवसाचा बॅनर त्याच्या मित्रांनी मुद्दाम तिच्याकडेच आणला. "वयनीनीच बनवायचा," म्हणून खिदळले. नाही म्हटलं तर दुकान फोडतील, म्हणून तिनं बनवला. फाइल खांदेश्वरच्या छापणाऱ्याकडे गेली, फोटो इथेच राहिला. त्या बाबानं डोळे मिटून छापलं. तिला खिजवायला आमच्याच नाक्यावर भला मोठा बॅनर चढला. सोनेरी अक्षरांत हरेशचं नाव, खाली शुभेच्छा आणि भाऊंच्या तोंडाच्या जागी चौकोनात लाल फुली. अख्खा गाव पोट धरून हसला.

केक कापायला आणलेली तलवार घेऊनच हरेश दुकानात घुसला.

"माझ्या थोबाडावर फुली? जित्ता हाय मी अजून!"

पहिला घाव मॉनिटरवर बसला. काचा शेजारी गप्पा मारत बसलेल्या माझ्या अंगावर उडाल्या. जागृती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला मिठी मारून बसली, तर त्यानं तिला केसांना धरून ओढलं आणि तिचं तोंड शटरवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात ओठात घुसले. मी किंचाळत होते आणि बाहेरचे मर्द मोबाइल धरून शूटिंग करत होते. थू त्यांच्यावर! शेवटी तिची आई पुतळा घरातून मासे कापायचा कोयता घेऊन धावत आली आणि तिनं त्याच्या मनगटावर हाणला. तलवार खाली पडली. फरशीवर इतकं रक्त सांडलं की कुणाचं किती ते कळेना.

एवढं होऊनही प्रकरण गावातच मिटवायचं ठरलं. देवळात बैठक बसली. हरेशच्या हाताला बँडेज, जागृतीच्या ओठाला टाके. तिचे चुलते धर्मराज मोठेपणानं बोलले, "पोरी, चुकून झाला असं बोल. माफी माग आनि त्याच्यासंगती घरी जा. तो तुला न्यायला तयार हाय."

चुकूनच झालं होतं. मी ते सांगायला उठणार, तेवढ्यात जागृतीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"चुकून नाय," ती म्हणाली. ओठ हलला तसं टाक्यातून रक्त आलं. "मुद्दाम केलंय. त्याच्या मरनाचा बॅनर कसा दिसंल ते बगत होते."

हरेशचा चेहरा पांढरा पडला. तो उठला आणि धर्मराजांकडे बघत म्हणाला, "ही बाई मला घरात नको. झोपेत गला कापंल माझा."

जागृती तेच ऐकायला बसली होती.